राजूरच्या खदानीत जेलीफिशचं व्याख्यान

समुद्रात डंख झाला तर काय करावं हे शिकवायला मी वणीला जाऊन आले, असं मालवणात ज्याला सांगितलं त्याने आधी विचारलं, "वणी म्हणजे नाशिककडची, देवीची?" नव्हे. ही वणी यवतमाळ जिल्ह्यातली, कोळशाची. हे ऐकल्यावर मात्र प्रत्येक जण हसला. हसू द्या. मीही जाताना हसतच गेले होते. परत येताना तेवढी हसत नव्हते.

आधी माझी ओळख. सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. आता स्कूबाच्या बोटवाल्यांना प्रथमोपचार शिकवते: जेलीफिशचा चटका, पाकटाचा काटा, समुद्री साळूवर पाय. बोटवाले मला घाबरतात, कारण चुकलं तर मी सगळ्यांसमोर त्यांची नक्कल करते. नक्कल हा माझा जुना आजार आहे.

आता वणीकर माझ्या आयुष्यात कसे आले ते. गेल्या वर्षी चाळीस माणसांची एक बस तिकडून स्कूबा करायला आली. त्यातल्या देविदासरावांनी, म्हणजे कोळसा खाणीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी, बोटीच्या शिडीवर पाय ठेवला, हात पाण्यात टेकला आणि जेलीफिशचा एक धागा त्यांच्या मनगटाला चाटून गेला. पाण्याखाली जाणं राहिलंच. जेलीफिशने केलं ते एवढंच. पुढचं सगळं वणीकरांनी केलं.

सगळ्यात पुढे झाले शेषराव गुरुजी. झरी जामणीकडचे, निवृत्त मुख्याध्यापक, विषय गणित. पंचक्रोशीत विंचू उतरवावा तर गुरुजींनी, अशी त्यांची ख्याती. लिंबाची डहाळी घेऊन खांद्यापासून बोटांकडे झाडत आणायचं, म्हणजे विष खाली उतरतं. किनाऱ्यावर कडुलिंब नव्हता, म्हणून त्यांनी सुरूची फांदी तोडली. वाचकहो, जेलीफिशचे धागे कातडीवर चिकटलेले असतात आणि त्यांत न फुटलेल्या विषाच्या हजारो पुड्या असतात. त्या घासल्या की फुटतात. गुरुजींनी सुरूच्या सुयांनी त्या हाताची अकरा वेळा झाडलोट केली. अकराच का, तर विषम संख्या लागते म्हणे. मग कुणीतरी बाटलीतलं गोडं पाणी ओतलं, त्याने उरलेल्या पुड्या फुटल्या. मग कांदा चोळला. मग दुपट्टा करकचून बांधला. एका उत्साही गृहस्थांनी मोबाइलवर वाचून आणखी एक उपाय सुचवला, तो मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, की त्याच्या तयारीला ते बोटीच्या मागच्या बाजूला गेलेही होते.

देविदासराव माझ्याकडे पोचले तेव्हा त्यांचा हात कोहळ्यासारखा झाला होता. मी दुपट्टा सोडला, चिकटलेले धागे चिमट्याने काढले, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला, आणि तो सगळा वेळ त्या चाळीस माणसांना जे बोलायचं ते बोलून घेतलं. ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, शरमले. नंतर कळलं, त्यांना ते फार आवडलं होतं.

कारण या वर्षी त्यांच्या सहलीच्या मालकांचा, गजूभाऊंचा, फोन आला. "मॅडम, यंदा आम्ही पुन्हा येऊन राह्यलो. पण त्याच्या आधी तुम्ही इकडे या. आमच्या लोकाईले तुम्ही गेल्या वर्षी जे बोलल्या नं, तसंच बोला. दोन दिवस. शिबिर ठेवतो."

"अहो, पण समुद्र इकडे आहे."

"समुद्र नंतर पाहू जी. आधी डोकं ठिकाणावर आणू."

इतका शहाणा प्रस्ताव मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी हो म्हटलं.

पहिला दिवस, वणी

दीड दिवसाचा रेल्वेप्रवास मी गाळते. त्यात सांगण्यासारखं फक्त माझं सुकटीचं डबडं होतं आणि त्याबद्दल सहप्रवाशांनी पुरेसं सांगितलेलं आहे. वरोऱ्याला उतरले. गजूभाऊ गाडी घेऊन उभे. गोल चेहरा, दोन मोबाइल, आणि हातात फूल. वणीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये भात पिवळा पडतो आणि डोळ्याला गारवा देतो. इथे ऑक्टोबरमध्ये ऊन डोक्यावर हात ठेवून बसतं आणि शेतात पांढरा शुभ्र कापूस. सुंदर होतं, मी नाही म्हणत नाही. पण त्या शुभ्र कापसाच्या आणि माझ्या मधून कोळशाचे ट्रक जात होते, एकामागून एक, आणि वणीत पोचेपर्यंत माझा रुमाल कोणत्या रंगाचा होता ते सांगणं अवघड झालं.

मंगल कार्यालयावर फलक होता: 'भव्य सागरी दंश निवारण शिबिर'. खाली माझा फोटो. माझ्या शेजारी, माझ्याहून मोठा, जबडा उघडलेला शार्क.

"गजूभाऊ, शार्क डंख करत नाही."

"माहीत आहे जी. पण जेलीफिशचा फोटो लावला तं लोक म्हणले, पॉलिथिन कायले छापलं."

जेवायला गोळाभात होता. बेसनाचे तिखट गोळे भातात शिजवलेले, वर फोडणीचं गरम तेल ओतून घ्यायचं. आमच्याकडे भातावर सोलकढी ओततात, पोट शांत व्हावं म्हणून. इथे तेल ओततात, पोटाला कामाला लावायला. मी तीन वेळा घेतला. माझी थट्टा करायची तर करा, पण गोळाभात खाऊन करा.

सभागृहात पस्तीसेक माणसं. पहिल्या रांगेत शेषराव गुरुजी, पांढरे कपडे, खिशाला दोन पेनं, मांडीवर लिंबाची ताजी डहाळी.

"गुरुजी, हे काय?"

"सवय आहे जी. काही नाही करत. राहू द्या."

दुसऱ्या रांगेत देविदासराव, हाताची घडी घालून. हात बरा होता, मनगटावर पुसटसा पट्टा राहिला होता. ते शिकायला आले नव्हते, पुरावा गोळा करायला आले होते. त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी प्रमिलाताई, राजूरच्या शाळेत पोषण आहार शिजवतात, पन्नाशीला आलेल्या, मांडीवर वही. यंदा पाण्याखाली जायचं आहे ते प्रमिलाताईंना. आणि ते होऊ नये म्हणून देविदासराव गेले वर्षभर झटत होते. हे मला बसल्याबरोबर कळलं, कारण मी नमस्कार म्हणायच्या आत ते उभे राहिले.

"मॅडम, एक काम करा. हिले काही होनार नाही असं मले लिहून द्या. सही करा. मंग जाऊ देतो."

"तसं मी कुणालाच लिहून देत नाही."

"झालं तं मंग," ते पत्नीकडे वळले, "मॅडम खुद्द म्हणून राह्यल्या."

"मॅडम असं म्हनल्या का लिहून देत नाही," प्रमिलाताई वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "जाऊ नको असं नाही म्हनल्या. तुमाले मोटारसायकल घेतली तवा कोनं लिहून देल्लं होतं?"

सभा हसली. देविदासरावांनी घडी आणखी घट्ट केली.

मग मी सुरू झाले. तीन तास. मी जेलीफिश झाले, पाकट झाले, शिडीवर किंचाळणारा पर्यटक झाले. गुरुजींची झाडलोट त्यांच्यासमोर करून दाखवली, मोजून अकरा वेळा, आणि त्यांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. आधी पाण्याबाहेर या, सांगितलं. चोळू नका. गोडं पाणी नको, समुद्राचंच पाणी ओता. धागे नखाने नको, चिमट्याने. श्वास लागला, चेहरा सुजला, तर घरगुती उपाय सोडा आणि दवाखाना गाठा. काट्याच्या माशाला, म्हणजे पाकटाला वगैरे, गरम पाणी. दुखणारा हात नाही, धड हात आधी घालून बघा, सोसवेल इतकंच गरम, आणि तासभर बुडवून ठेवा. बांधाबांधी नको. प्रत्येक वाक्यानंतर विचारलं, "आणि कांदा?" सगळे एका सुरात: "नाही." "आणि दुपट्टा?" "नाही." "आणि मोबाइलवरचं ते?" इथे मागच्या रांगेतले एक गृहस्थ पाणी प्यायला बाहेर गेले.

आणि मग प्रमिलाताईंनी हात वर केला.

"मॅडम, गोड्या पान्यातल्या माशाले असा काटा नसते का?"

इथे मी जे केलं ते लिहायला जीभ अडते, म्हणजे पेन अडतं, पण लिहिते. मी कपाळावर आडवा हात धरला, दूर क्षितिजावर नजर लावली आणि म्हणाले, "प्रमिलाताई, तुमच्या नाल्यात काय चावणार? बेडूक?" सभा खदखदून हसली. देविदासरावही हसले. प्रमिलाताई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

मला तो विनोद इतका आवडला, की रात्रीच्या जेवणापर्यंत मी तो आणखी दोन वेळा सांगितला.

दुसरा दिवस, राजूर

वणीहून राजूरला जाताना रस्ता आधी काळा होतो आणि मग पांढरा. काळा कोळशामुळे, पांढरा चुन्यामुळे. चुन्याच्या भट्ट्यांच्या गावात झाडंसुद्धा पीठ लावल्यासारखी उभी. मी आयुष्यभर हिरवं गाव आणि निळं पाणी पाहिलेली बाई, गाडीतून म्हणाले, "या गावाला रंग द्यायला देव विसरला का?" गाडी चालवणारे रफीकभाई, वणीचे मोटर मेकॅनिक, सहलीची बस त्यांचीच, आरशातून म्हणाले, "मॅडम, आगे देखो, फिर बोलो."

पुढे खदान आली. चुनखडक काढून सोडलेला, पावसाच्या पाण्याने भरलेला भला मोठा खड्डा. आणि त्यातलं पाणी, मालवणच्या माणसांनो, माफ करा, हिरवं-निळं होतं, काचेसारखं, उभ्या पांढऱ्या भिंतींमध्ये. आमच्या जाहिरातींत जो समुद्र असतो तो इथे होता. रफीकभाई आरशात हसले.

गजूभाऊंनी तोंडावरचे मुखवटे आणि श्वासाच्या नळ्या आणल्या होत्या. एका बाजूला पायऱ्यांसारखा उथळ कठडा होता, कमरेइतकं पाणी, तिथे सराव करायचा: तोंड बुडवायचं, नळीतून श्वास घ्यायचा, घाबरायचं नाही. हे घाबरायचं नाही म्हणजे काय, ते पुढचा एक तास मी पाहत होते. एक गृहस्थ चष्म्यावरच मुखवटा चढवत होते. दुसरे नळीतून हवा घ्यायच्या ऐवजी नळीत ओरडत होते. तिसऱ्यांनी पाण्यात चेहरा घातला, वर काढला आणि जाहीर केलं, "अंदर काही दिसून नाही राह्यलं". त्यांनी डोळे मिटले होते.

मग प्रमिलाताई उतरल्या. साडीखाली सलवार घालून आल्या होत्या, साडी काठावर ठेवली, पदर नाही, घाबरणं नाही. याच खदानीत त्या लहानपणी पोहायला शिकल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. चेहरा पाण्यात घातला आणि इतका वेळ वर काढला नाही, की काठावर बसलेले देविदासराव दोनदा उभे राहिले.

"पाहा," मी त्यांना म्हणाले, "याला म्हणतात श्वास."

"मले दिसते जी," ते म्हणाले. "मले सगळं दिसून राह्यलं."

तेवढ्यात प्रमिलाताईंनी पाण्यातून हात उपसला. आधार घ्यायला कठड्याच्या फटीत बोटं घातली होती. तळहातावर अंगठ्याच्या मुळाशी एक फाटलेलं छिद्र, रक्ताचा धागा. त्या ओरडल्या नाहीत. पण चेहरा पिवळा पडला. "कोपरापर्यंत चढून राह्यलं," एवढंच म्हणाल्या.

मी साप म्हटलं. मनातल्या मनात. दातांची दोन टिंबं शोधली, दिसलं एकच. काय करायचं ते मी विसरले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही माणसांसमोर. "गाडी काढा," एवढं सुचलं. गाडी नव्हती. बस लोकांना सोडून कधीच परतली होती, आणि गाडी गजूभाऊंनी दहा मिनिटांपूर्वी एका पोराबरोबर वणीला पाठवली होती, पातोडीचं, म्हणजे रश्शातल्या बेसनाच्या वड्यांचं, जेवण आणायला. तिला परत फिरायला अर्धा-पाऊण तास, वाटेत ट्रकांची रांग लागली नाही तर. गजूभाऊंनी दोन्ही कानांना दोन मोबाइल लावले.

आणि मग ते सुरू झालं. मी तीन तास नक्कल करून जे पुसून टाकलं होतं, ते एका क्षणात परत आलं. कुणीतरी कांदा काढला. पिशवीतून, जणू सरावाच्या सामानातच होता. कुणी दुपट्टा सोडून प्रमिलाताईंच्या दंडाकडे निघालं. गुरुजी डहाळी घेऊन उठले.

देविदासराव मधे आले. त्यांनी दुपट्टा धरून ओढला आणि पाण्यात फेकला.

"बांधू नका. गेल्या साली माह्या हाताले बांधलं होतं तुम्ही."

गुरुजी मात्र डहाळी खाली ठेवून फटीपाशी वाकले होते. "साप नाही," म्हणाले. "शिंगी आहे. मासा. दोन्ही बाजूले काटा असते त्याले. नाल्याच्या पुरात येते, मंग अशा फटीत बसून राह्यते. मायबाप म्हनत, विंचवापेक्षा वाईट." त्यांनी मला हात धरून दाखवलं. काळपट, मिशाळ, वीतभर मासा फटीत अंग चोरून बसला होता, आणि माझ्याकडे पाहत होता. निदान मला तसं वाटलं.

"मॅडम," प्रमिलाताई दात आवळून म्हणाल्या, "काल काय सांगतलं तुम्ही? काट्याच्या माशाले गरम पानी."

"ते समुद्रातल्या..." मी म्हणाले.

"माशाले काय माहीत तो कुठं आहे ते?"

वाचकहो, मी बऱ्याच डॉक्टरांकडून ऐकून घेतलंय, एका मंत्र्याकडूनही. पण इतकं बरोबर लागलेलं वाक्य आठवत नाही.

"रफीकभाई, पाणी," मी ओरडले.

रफीकभाईंच्या स्टोव्हवर पस्तीस माणसांच्या चहाचं आधण होतं, साखर पडायची बाकी. एका बादलीत ते ओतलं, खदानीचं गार पाणी मिसळलं. मी देविदासरावांना म्हटलं, आधी तुमचा हात घाला. दुखणाऱ्या हाताला चटका कळत नाही, भाजून निघेल. म्हणून ज्याचा हात धड आहे त्याने ठरवायचं. त्यांनी घातला. मनगटावरचा जुना पट्टा पाण्याखाली गेला. "गरम आहे. पन सहन होते." मग जखमेवर स्वच्छ पाणी ओतलं आणि प्रमिलाताईंचा हात त्यांच्या हाताशेजारी बुडवला.

"आता काढू का मी माहा?" देविदासरावांनी विचारलं.

"पाणी निवत जाणार, आपण गरम घालत जाणार. प्रत्येक वेळी कुणीतरी बघायला हवं. ठेवा."

त्यांनी ठेवला. गुरुजींना काम उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी घड्याळ काढलं आणि दर पाच मिनिटांनी जाहीर करायला लागले. सुमारे पंधराव्या मिनिटाला प्रमिलाताईंच्या ओठांचा रंग परत आला. मी श्वास मोजला, चेहरा, गळा, सूज पाहिली. सगळं ठीक होतं. एक मीच ठीक नव्हते.

"लय दुखते?" देविदासरावांनी विचारलं.

"मघाशी दुखत होतं. आता तुमचं नख टोचून राह्यलं."

त्यांनी बोट सरकवलं. हात काढला नाही. आम्ही सगळे जरा लांब होऊन बसलो; म्हणजे बाकीचे लांब झाले. मी रोग्याजवळून हलत नाही, हा माझा नियम आहे, आणि कान बंद करणं हा माझा नियम नाही.

"आता तं नाही जानार नं तू," ते म्हणाले.

"काहून?"

"काहून काय? घरच्या पान्यात हे झालं."

"हाव. घरच्याच पान्यात झालं. मंग घरी राहून काय वाचली मी?"

"वीस मिनिटं," गुरुजी म्हणाले.

रफीकभाईंनी किटलीतून थोडं गरम पाणी घातलं; देविदासरावांनी आत हात फिरवून पाहिलं आणि मान हलवली. ट्रकांचे आवाज लांबून येत होते. मला वाटलं, आता भांडण होईल; मी तर त्याची वाट पाहत होते. भांडणात मी फार उपयोगी असते.

पण ते म्हणाले, "खाली काय असते, प्रमिला? मी तं शिडीवरूनच वापस आलतो."

"मले काय माहीत? मी अजून गेली का?"

"तसं नाही. म्हनजे, काय असन?"

"पाहून आली का सांगीन."

"पंचवीस," गुरुजी म्हणाले, आणि त्या क्षणी ते मुख्याध्यापक म्हणून कसे असतील ते मला नीट कळलं.

गाडी पाऊण तासाने आली, पातोडीच्या रश्शाचं भांडं मागच्या सीटवर. बादली तशीच गाडीत चढवली, दोन हातांसकट. पुढे सरकारी दवाखान्यात जखम धुतली, आत काट्याचा तुकडा राहिला नाही ना पाहिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी विचारलं, "गरम पाण्यात ठेवा हे कुणी सांगितलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी प्रमिलाताईंकडे केलं. त्या दिवशी मी केलेलं तेवढंच एक बरं काम.

तिसरा दिवस, निघताना

सकाळी सभागृहात समारोप होता. प्रमाणपत्रं होती, त्यांवरही शार्क होता. गजूभाऊंनी दोन शब्द बोला म्हटलं. मी उभी राहिले आणि प्रमिलाताईंना म्हणाले, "ताई, परवा तुम्ही विचारलं होतं, गोड्या पाण्यातल्या माशाला काटा असतो का. असतो." मग बसले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. लोकांना वाटलं, नक्कल करतेय. त्यांनी हसून टाळ्या वाजवल्या. प्रमिलाताईंनी पट्टी बांधलेल्या हाताने वही उघडली, एका जागी रेघ मारली आणि माझ्याकडे बघून हसल्या. काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही. बेडूक असणार.

देविदासराव गाडीपर्यंत आले. मला वाटलं, आता कागद काढतील, सही मागतील. मी मनात उत्तर तयार केलं, जरा लागेलसं.

"मॅडम," ते म्हणाले, "बादली तिकडे भेटते का घरून आनू?"

माझं तयार उत्तर माझ्याजवळच राहिलं. अजून आहे. कुणाला हवं असेल तर सांगा.

हे लिहीपर्यंत त्यांची बस येऊन गेली आहे, तर तेवढंही सांगते. बादली घरूनच आणली होती, झाकणाची, शिवाय दोन थर्मास. प्रमिलाताई शिडी उतरल्या, वळून एकदा वर पाहिलं आणि गेल्या. देविदासराव बोटीत बसून राहिले, बाही वर करून, बादलीत हात घालून, पाणी निवलं की थर्मासमधलं घालत. बाकीचे वणीकर त्यांना काय काय म्हणाले ते मी लिहीत नाही; त्यातलं बरंचसं मीच सुचवलेलं होतं.

त्या वर आल्या. काही डसलं नव्हतं. मुखवटा काढला, केस मागे सारले आणि नवऱ्याजवळ बसून बोलायला लागल्या. हात हलवून, बोटं फिरवून, कधी हात लांब पसरून. किनाऱ्यापर्यंत बोलतच होत्या. ते तोंड उघडं टाकून ऐकत होते, हात अजून बादलीतच. आणि मी, जिच्या कानातून गावातलं एकही वाक्य सुटत नाही ती, दोन हातांच्या अंतरावर बसले होते आणि बोटीच्या इंजिनाने मला एक शब्द ऐकू दिला नाही.